लिफ्टखालची बाज

लॉकला बांधलेली चिंधी पाहिली आणि उत्कर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चिंधी तिच्याच जुन्या गाऊनची होती, हे आणखी वर. निळ्या फुलांचा तो गाऊन तिने फरशी पुसायला काढून दिला होता. त्याची लांब पट्टी फाडून तिच्या नवऱ्याने, इंद्रजीतने, लिफ्टच्या सेफ्टी लॉकची दांडी खांबाला करकचून बांधून टाकली होती. गाठ अशी, की सोडवताना नखं तुटावीत.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

इंद्रजीत वर चढवलेल्या जीपखाली उभा राहून सायलेन्सरवर प्रेमाने कापड फिरवत होता. “कुठे काय?”

“ही चिंधी.”

“ती होय! अगं, गाडी वर घेताना लॉक फार खडखडतो. आप्पांची झोप मोडते.”

उत्कर्षाने कपाळाला हात लावला.

ही लिफ्ट म्हणजे इमारतीत माणसं वरखाली नेणारी नव्हे, गाडी उचलणारी. दोन जाड लोखंडी खांब, त्यांना गाडी पोटाखालून धरणारे चार हात. मोटर तेल ढकलते आणि गाडी वर जाते. जाता जाता दोन्ही खांबांच्या आतली एकेक लोखंडी जीभ खाचेमागून खाचेत पडत राहते, खटक्, खटक्, खटक्. उद्या तेलाची नळी फुटली, तर गाडी त्या जिभांवर अडकून राहावी एवढ्यासाठी ती सोय. दांडी ओढून बांधली, की जिभा खाचेत पडतच नाहीत. आणि जीपच्या बरोबर खाली, इंद्रजीतच्या पायांजवळ, त्याच्या वडिलांची सुंभाची बाज होती. त्या बाजेवर मच्छिंद्रआप्पा रोज दुपारी जेवून झोपत. म्हणजे आप्पांच्या अंगावर गाडी पडू नये म्हणून जे यंत्रात बसवलं होतं, ते आप्पांची झोप मोडू नये म्हणून बांधून ठेवलं होतं!

उत्कर्षाचं माहेर शनिवार पेठेतलं. तिथे माणूस चिडला की आवाज चढवत नाही, उलट एकदम आदराने बोलायला लागतो. “अहो इंद्रजीतराव,” ती म्हणाली, “एवढीच झोपेची काळजी असेल तर स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टीही बंद करू का? कुकर फुटेल, पण शांतता राहील.”

“तू म्हणजे ना,” इंद्रजीत हसला आणि पुन्हा सायलेन्सर पुसू लागला.

तिने चिंधी दातांनी सोडवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बांधलेली होती.

वाघोलीत नगर रोडपासून आत गेलं की घोलपांचं, म्हणजे उत्कर्षाच्या सासरचं घर लागतं. आजूबाजूला सगळे टॉवर उभे राहिले, मधोमध हे घर, अंगण आणि अंगणाच्या कडेला जुना गोठा. जमीन गेली, बैल गेले, मग गाईही गेल्या, पण गोठा तेवढा आप्पांनी पाडू दिला नाही. दगडी भिंती, वर कौलं, पलीकडे कडुनिंब. ऐन उन्हाळ्यातही आत गारवा. गाळ्यांच्या भाड्यावर घर निवांत चालत होतं आणि इंद्रजीतच्या हाताला काम नव्हतं, म्हणून त्याने रिकाम्या गोठ्यात वर्कशॉप काढलं. धंद्यासाठी नव्हे, हौसेसाठी. आप्पा ज्या जीपमधून पहाटे कोथिंबिरीच्या जुड्या मार्केट यार्डात न्यायचे, ती जीप पुन्हा नव्यासारखी करायची, हे त्याचं स्वप्न. ते चांगलंच होतं, उत्कर्षाचं त्याला काही म्हणणं नव्हतं. तिचं म्हणणं होतं ते त्या लिफ्टला. कुठलंसं गॅरेज बंद पडत होतं, तिथून इंद्रजीतने ती जुनी लिफ्ट टेम्पोत घालून आणली आणि व्हिडिओ बघून स्वतःच बसवली.

लिफ्ट आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता आप्पा आपली बाज पडवीत हलवतील. आप्पांनी तसलं काही केलं नाही. बैल होते तेव्हा ज्या जागी ते झोपत होते, त्याच जागी त्यांनी बाज ठेवली. फक्त पूर्वी दोन्ही अंगाला बैल असत, आता दोन्ही अंगाला खांब आले आणि वर जीप.

“आप्पा, वर गाडी असताना खाली झोपू नका,” उत्कर्षाने सांगून पाहिलं.

“सूनबाई, जल्मभर बैलांच्या पायाखाली झोपलोय मी,” आप्पा म्हणाले. “एका बैलानं कधी पाय ठिवला न्हाय अंगावर.”

“बैलाला डोळे असतात, आप्पा. जीपला नाहीत.”

“हायेत की. दोन दिवं हायेत म्होरं.” आणि आप्पा कूस बदलून झोपले.

उत्कर्षा नगर रोडवरच्याच एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होती. तिथे क्रेनला काही लटकत असताना कोणी खालून गेला, तर ती त्याला साऱ्या कामगारांसमोर उभं करायची. भले भले सुपरवायझर तिला पाहून हेल्मेटचा पट्टा लावायचे. आणि घरी? घरी तिचा सासरा रोज दुपारी जीपखाली घोरत होता आणि ती उंबऱ्यात उभी राहून दात खात होती.

तिने काय काय केलं नाही! लिफ्टच्या हातांचे नटबोल्ट आवळून घ्यायला सांगितलं, तर इंद्रजीत म्हणाला, “घट्टच आहेत.” लोखंडी दोरांना ग्रीस लावायला सांगितलं, तर तो जीपच्या दारांना लावून मोकळा झाला. जीपला दर रविवारी पॉलिश, लिफ्टच्या खांबांवर मात्र कोळिष्टकं. उजव्या खांबाच्या बुडाशी तेल ओघळताना दिसलं, तेव्हा ती अक्षरशः ओरडली. इंद्रजीतने लगेच उपाय केला. त्या जागी जुना पोहे ठेवायचा डबा लावला. “आता फरशी खराब नाही होणार,” तो म्हणाला.

शेवटी तिने रीतसर पाटी रंगवून खांबावर लावली. ‘डोक्यावर जीप आहे. झोप आल्यास घरात जावे. घर शेजारीच आहे.’ पाटीचं सगळ्यांनी कौतुक केलं. आप्पा म्हणाले, “अक्षर झ्याक हाय.” आठवडाभरात पाटीच्या खिळ्यावर इंद्रजीतचं हात पुसायचं फडकं लटकायला लागलं.

राहता राहिल्या सासूबाई, मथुराबाई. त्यांच्याकडे दाद मागावी, तर त्या तिसऱ्याच. “तुमचं तुम्ही बगा बाई. मशिनीतलं मला काय कळतंय?” असं म्हणून त्या भाकरी थापायला घेत. कळत सगळं होतं. घरातलं पान त्यांच्याशिवाय हलत नव्हतं. पण लेकाला आणि नवऱ्याला दुखवायचं नाही, हा त्यांचा खाक्या. उत्कर्षाला आप्पांपेक्षाही त्यांचाच जास्त राग येई. एका शब्दाने ज्यांना हे थांबवता आलं असतं, त्या तोंडातून शब्द काढत नव्हत्या.

नवरात्र आलं. घरात घट बसले. मथुराबाईंचे नऊ दिवसांचे उपास, पायांत चप्पल नाही, आणि त्या दिवसांत त्यांच्या शब्दाबाहेर जायची आप्पांचीही छाती नव्हती. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. पूर्वी नांगर, कुळव, विळे मांडत. आता विळ्यांच्या शेजारी नटबोल्ट आवळायचे पाने, ड्रिल मशीन आणि इंद्रजीतचा लॅपटॉप मांडायचे. पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याने विश्रांती घ्यायची. यंदा मानाचं स्थान अर्थातच लिफ्टला होतं.

“जीप खाली ठेवून पूजा कर,” उत्कर्षाने आदल्या दिवशी इंद्रजीतला बजावलं. “लिफ्टचे हात जमिनीला टेकलेले, मोटर बंद. आमच्या कारखान्यात अशीच पूजा करतात. आणि ती लिफ्ट बघायला माणूस कधी येणार आहे?”

“करीमभाईंना सांगितलंय. दसरा झाला की येतील.”

“आणि जीप खाली.”

“हो गं बाई, खाली! किती वेळा सांगशील?”

नवमीला सकाळी तिला कारखान्यात जावं लागलं. तिथली पूजा उरकून, पेढे वाटून ती दुपारी घरी आली आणि अंगणातच थबकली.

जीप वर होती. अगदी टोकाला, कौलांना टेकेल एवढी वर. हेडलाइटना हळदीकुंकवाचे टिळे, आरशांना झेंडूचे हार. दोन्ही खांबांच्या मध्ये, जीपच्या बऱ्याच खाली, माणसाला ओणवं न होता जाता येईल अशा उंचीवर एक भलंमोठं तोरण सरळ ओढून बांधलेलं. खांबांच्या बुडाशी रांगोळी. समोरच्या टॉवरमधली चारदोन कुटुंबं बघायला आली होती आणि इंद्रजीत त्यांचे फोटो काढत होता.

“इंद्रजीत!” उत्कर्षा म्हणाली. घरच्यांसमोर ती नवऱ्याला नावाने हाक मारत नसे. सगळ्यांनी वळून पाहिलं.

“अगं, खाली ठेवून काही शोभाच येईना,” इंद्रजीत घाईघाईने म्हणाला. “वर घेतल्यावर बघ कशी दिसते!”

ती तडक खांबाकडे गेली. लॉकच्या दांडीला झेंडूची माळ गुंडाळलेली होती आणि माळेतून निळी फुलं डोकावत होती. कापडाची. तिने हात पुढे केला.

“हात लावू नगं,” मागून मथुराबाई म्हणाल्या. “नारळ फुटलाय. आता उद्यापातूर त्याला कुनी शिवायचं न्हाय.”

“आई, लॉक लावलेलं नाहीये. गाडी नुसत्या तेलावर उभी आहे.”

“सकाळधरनं हाय की उभी. सणासुदीचं चार लोकांत नगं बाई.”

पाहुणे आता एकमेकांकडे पाहत होते. कोणीतरी मुलाला “चल रे” म्हणालं. उत्कर्षाच्या तोंडाशी दहा वाक्यं आली, सगळी पेठेतली, एकाहून एक धारदार. ती तिने गिळली आणि पाय आपटत घरात गेली. मरा म्हणावं! तिला खरोखर तसं वाटलं. यंत्राला विश्रांती द्यायची म्हणे, आणि त्याच्या डोक्यावर जीप देऊन! देवाला तरी बरं वाटत असेल का हे?

जेवणं झाली. ती कोणाशी बोलली नाही, भांडी मात्र पुष्कळ बोलली. इंद्रजीत बुलेटला हार घालून मित्राकडे गेला. त्याचं बरोबर होतं. अशा वेळी घरात न थांबणं हेच शहाणपणाचं.

उष्टं खरकटं टाकायला ती मागे गेली आणि येताना सवयीने तिची नजर गोठ्याकडे वळली. आप्पा बाजेवर आडवे झाले होते. टोपी उशाशी, तोंडावर उपरणं, पोट शांतपणे वरखाली होत होतं. तिला आता रागही येईना. ती नुसती बघत राहिली. आणि बघता बघता तिला काहीतरी चुकीचं दिसलं.

तोरण. मघाशी ते जीपच्या बरंच खाली होतं. आता डाव्या बाजूला ते तसंच होतं, पण उजव्या बाजूला जीपचं चाक झेंडूच्या फुलांना टेकलं होतं. नुसतं टेकलं नव्हतं, दोन फुलं चाकाखाली चुरडली होती. तिने खाली पाहिलं. उजव्या खांबाजवळची रांगोळी काळपट ओली झाली होती. पूजेसाठी तिथला तेलाचा डबा हलवला होता, आणि तेल पांढऱ्या पाकळ्यांमधून हळूहळू पसरत आप्पांच्या बाजेच्या खुरापर्यंत आलं होतं.

ती गोठ्याच्या दाराशी धावली.

काय करायचं ते तिला माहीत होतं, हाच तर ताप होता. जीप तिरकी झाली होती. आता चिंधी सोडावी तर एका बाजूची जीभ अडकणार, दुसरी बाजू कुठे थांबेल याचा नेम नाही, आणि जीप कलंडणार. गाडी खाली घ्यावी तरी तेच. तिरक्या ओझ्याला हात लावायचा नाही, आधी माणसं बाहेर काढायची, हे ती दर महिन्याला नव्या कामगारांना घसा फोडून शिकवत होती.

“आप्पा,” ती दारातूनच म्हणाली. “आप्पा, उठा. बाहेर या.”

उपरण्याखालून आवाज आला. “झालं का सुरू?”

“आप्पा, गाडी खाली येतीये. खरंच येतीये. उठा.”

“रोज येतीया तुजी गाडी खाली,” आप्पा म्हणाले. “सणाच्या दिशी तरी झोपू दे, सूनबाई.” आणि त्यांनी तिच्याकडे पाठ केली.

रोज. तेही खरंच होतं. रोज तिने हेच सांगितलं होतं, याच आवाजात. आत जाऊन त्यांना ओढावं, तर आप्पा अंगापिंडाने पैलवान, तिच्याने हलणार नव्हते, आणि झटापटीत धक्का कुठे लागला असता कोण जाणे. इंद्रजीतला फोन लावला. वाजत राहिला. वर कुठेतरी लोखंड करकरलं, अगदी हलकं, दार उघडताना बिजागरी वाजते तसं.

ती पळत घरात गेली.

मथुराबाई देवघरापुढे घटाला पाणी घालत होत्या. उत्कर्षा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तेल, नळी, लॉक यातलं काही सांगायचं नाही, तिने ठरवलं. त्याला या घरात काडीची किंमत नव्हती. किंमत कशाला होती ते तिने मघाशीच पाहिलं होतं.

“आई,” ती म्हणाली, “आप्पा पूजलेल्या हत्याराखाली झोपलेत. खांबाकडे पाय करून. नारळ फुटल्यावर असं देवाकडे पाय करून झोपतात का? अपशकुन असतो तो. आमच्याकडे... आमच्याकडे फार वाईट मानतात.”

शनिवार पेठेत कोणी कधी असलं काही मानलं नव्हतं. तिने ते तिथल्या तिथे रचलं होतं, आणि तेही धड जमलं नव्हतं. आवाज कापत होता. मथुराबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे चांगलं निरखून पाहिलं. मग तांब्या खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि अनवाणीच अंगण ओलांडून गोठ्याकडे निघाल्या. चालत कसल्या, त्या पळतच होत्या.

“आवं!” त्यांचा आवाज गोठ्यात असा घुमला की कडुनिंबावरचे कावळे उडाले. “उठा आधी! देवाकडं पाय करून पडलाय, लाज हाय का? नऊ दिवस उपाशी हाय मी, माज्या उपासाचं वाटुळं करताय व्हय?”

आप्पा ताडकन उठून बसले. सुनेचं ऐकलं नव्हतं, पण ही सून नव्हती. “आगं पर...”

“भाईर! पैलं भाईर!”

आप्पांनी सवयीने उशी काखेत मारली आणि पुटपुटत बाहेर आले. कौलांची सावली संपते तिथे ते थांबले. डोक्याला हात लावून पाहिला. “टोपी ऱ्हायली,” असं म्हणून परत वळले.

मथुराबाईंनी त्यांचं मनगट धरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी अंगणात त्यांनी नवऱ्याचा हात धरलेला कोणी पाहिला नव्हता. “मरू द्या ती टोपी,” त्या म्हणाल्या.

आप्पा काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात गोठ्यात फट् असा आवाज झाला, तेलाची चिळकांडी भिंतीवर उडाली आणि जीपची उजवी बाजू धाडदिशी खाली आली. जीप लिफ्टच्या हातांवरून घसरली, खांबाला घासली आणि बाजेवर आडवी झाली. कौलं खळाखळा पडली. धूळ बसली तेव्हा बाजेचे चारही पाय चार दिशांना गेलेले होते. तोरणातले झेंडू अंगणात त्यांच्या पायांपर्यंत घरंगळत आले.

आप्पा उशी काखेत धरून उभे होते. मथुराबाईंनी त्यांचा हात सोडला नव्हता. उत्कर्षा मटकन पायरीवर बसली आणि रडायला लागली. इतका राग, इतकी भीती, सगळं एकदमच डोळ्यांतून निघालं.

मग जे व्हायचं तेच झालं. आवाजाने सगळी आळी जमली, टॉवरच्या गॅलऱ्या भरल्या. “देवीनं वाचवलं.” “नारळ फुटला म्हणून निभावलं.” “नवमीच्या दिवशी पूजा झाली, तिचं फळ.” इंद्रजीत धावत आला. मोडलेली बाज पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो आप्पांच्या पायांवर डोकं ठेवून हमसाहमशी रडला. ते खरं रडणं होतं, उत्कर्षाला तेव्हा त्याची कीव आली. पण डोळे पुसून तो पहिलं वाक्य बोलला ते असं: “पूजा केली होती म्हणून, नाहीतर काय झालं असतं!”

उत्कर्षाने त्याच्याकडे पाहिलं. बोलण्यासारखं इतकं होतं की कुठून सुरुवात करावी हेच कळेना. शिवाय, देवाकडे पाय ही थाप आपलीच, ती उघडी तरी कशी करायची?

दसरा झाल्यावर करीमभाई आले. जीप बाहेर निघाली. त्यांनी नळ्या बदलल्या, दोर बदलले, खांबांचे बोल्ट नव्या काँक्रीटमध्ये बसवले, लॉक साफ करून तेल दिलं. जाताना निळी चिंधी इंद्रजीतच्या हातात ठेवली आणि त्याला बाजूला घेऊन काही सांगितलं. इंद्रजीत तसाच घाईघाईने स्वयंपाकघरात आला.

“उत्कर्षा, करीमभाई काय म्हणाले माहितीये? लॉक कधी बांधायचं नसतं! गाडी वर घेतली की जरा खाली सोडून लॉकवर टेकवायची असते.”

“हो का?” उत्कर्षा म्हणाली. “इतकी महत्त्वाची गोष्ट तुला आजवर कोणी कशी सांगितली नाही?”

“तेच ना!” इंद्रजीत म्हणाला.

तिने हातातलं लाटणं जरा लांब सरकवून ठेवलं. अशा वेळी ते हाताशी नसलेलं बरं असतं.

त्या दिवशी दुपारी ती आणि मथुराबाई मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. आप्पा नव्या बाजेवर पडवीत आडवे झाले होते, कुरकुरत का होईना.

“देवाकडं पाय करून झोपू नये म्हनं,” मथुराबाई एकाएकी म्हणाल्या.

उत्कर्षाचा हात थांबला.

“पोळ्याला बैलांची पूजा व्हायची. शिंगं रंगवायचो, पुरनपोळी घालायचो. आनि रातच्याला ह्ये त्याच बैलांकडं पाय करून घोरायचे. कुनाला कधी अपशकुन झाला न्हाय.” त्यांनी मेथीची एक काडी मोडून टोपलीत टाकली. “तुमच्या पेठंत लई येगळं शास्तर हाय.”

“म्हणजे तुम्हाला कळलं होतं?” उत्कर्षाला विश्वास बसेना. “मी थाप मारतेय हे?”

“तुला थाप मारता येती व्हय? एवढंसं तोंड झालं हुतं.”

“मग उठलात कशाला?”

“म्हनून तर उठले.”

उत्कर्षाला एकदम संताप आला, जुना, ओळखीचा. “आणि इतके महिने मी जीव तोडून सांगत होते ते? चिंधी दाखवली, तेल दाखवलं, पाटी लावली! तेव्हा एका शब्दाने बोलला असतात तरी चाललं असतं. तेव्हा का नाही उठलात?”

मथुराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, होती ती थोडी शरम. “चुकलंच माजं,” त्या म्हणाल्या. “त्या दिशी हात लावू नगं म्हनाले, ती बी मीच. पर तुला खरं सांगू? रोज तू चिडल्याली असायचीस. मला वाटायचं, पेठंतली पोरगी हाय, हितलं काय बी पसंत पडत न्हाय तिला. आमच्या मानसांना येडं ठरवती. चिडल्यालं मानूस दिसतं, त्याच्या पोटातलं भ्या दिसत न्हाय. त्या दिशी पैल्यांदा तू भ्यालेली दिसलीस. आमच्या मानसासाठी.”

उत्कर्षाला ती चिंधी आठवली, ती पाटी, ती एकाहून एक धारदार वाक्यं. सगळी खरी होती. पण मला भीती वाटते, एवढं एकच वाक्य तिने या घरात कधी उच्चारलं नव्हतं.

गोठ्यात मोटर सुरू झाली. खटक्, खटक्, खटक्. पडवीतून आप्पांचा खोकला ऐकू आला, आणि लॉकचा आवाज मध्येच थांबला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

उत्कर्षा उठली. अंगण ओलांडताना नेहमीप्रमाणे तोंडाशी शब्द जमा होत होते. इंद्रजीतराव, गाऊन आणून देऊ का आणखी एक? गोठ्याच्या दारात ती पोचली तेव्हा इंद्रजीत एक हात बटणावर आणि दुसरा लॉकच्या दांडीवर ठेवून उभा होता. चोरी पकडल्यासारखा तो म्हणाला, “अगं, आप्पांचा आत्ताच डोळा लागला होता, म्हणून...”

“इंद्रजीत,” ती म्हणाली. आवाज कापला, आणि या वेळी तिने तो कापू दिला. “मला भीती वाटते रे.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने दांडीवरचा हात काढला. बटण दाबलं. खटक्, खटक्, खटक् करत जीप वर गेली, जराशी खाली आली आणि दणक्यात लॉकवर टेकली.

“काय ताप हाय राव ह्यो!” पडवीतून आप्पा ओरडले. “मानसानं झोपायचं का न्हाय?”

“ऱ्हावा जागं!” ओट्यावरून मथुराबाई म्हणाल्या.